बायोटिनच्या गोळ्या आणि रक्ततपासणी

आपल्या रविवार पुरवणीतील केसगळतीवरच्या लेखात बायोटिन या ब-गटातील जीवनसत्त्वाच्या गोळ्या सरसकट सुचवल्या आहेत, ते पटले नाही. प्रौढाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. अंड्याचा बलक, शेंगदाणे, कलेजी यांतून ते मिळते. खरी कमतरता विरळाच. म्हापशातल्या फार्मसीत मात्र गल्ल्याशेजारीच १० मिलिग्रॅमच्या, म्हणजे गरजेच्या तीनशे पटींहून अधिक मात्रेच्या गोळ्या चिठ्ठीविना मिळतात. एवढ्या मात्रेने थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो. त्याहून गंभीर म्हणजे, हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी तपासले जाणारे ट्रोपोनिन प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना व प्रयोगशाळेला या गोळ्यांबद्दल सांगावे, एवढी सूचना तरी पुढच्या पुरवणीत ठळकपणे छापावी.

– एक वाचिका, म्हापसा