नारळीकरांच्या गोष्टी दोन ओळींत आटोपल्या

मा. संपादक,

बुधवारच्या अंकात खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर गेल्याची बातमी पहिल्या पानावर मोठी दिलीत, आभार. केंब्रिज, तिथले त्यांचे गुरू फ्रेड हॉइल, त्यांनी पुण्यात उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था आयुका, पद्मविभूषण सगळं व्यवस्थित आलंय. आणि गोष्टी? अगदी शेवटी दोन ओळी, त्यात एकाही कथेचं नाव नाही.

अहो, आमच्या गावाकडच्या पोरांना आयुका फार नंतर कळलं, नारळीकर आधी भेटले ते लायब्ररीतल्या पुस्तकांतून. नववीत 'माझे आवडते पुस्तक' या निबंधात मी त्यांच्या 'यक्षांची देणगी' या विज्ञानकथांच्या पुस्तकावर लिहिलं होतं तर बाईंनी पानभर लाल रेघ मारली आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं की हे काही साहित्य नाही, चांगलं पुस्तक घेऊन परत लिही. मग मी लिहिलं एका कादंबरीवर, जी मला अजिबात आवडली नव्हती, आणि त्याला मार्क छान पडले! इतकी वर्षं झाली तरी तो राग गेलेला नाही, तुमच्या त्या दोन ओळी वाचून पुन्हा वर आला. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी नुसती चाटून गेली असती तर, एवढ्यावरून नारळीकरांनी आपल्या गोष्टीतल्या गंगाधरपंतांना दुसऱ्याच इतिहासातल्या मुंबईत नेऊन सोडलं, आणि मला सनावळ्या सोडून इतिहासात काही असतं हे तिथे पहिल्यांदा कळलं. ते साहित्य नाही तर काय आहे?

1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी लिहून काढलेली, आणि पहिला नंबर आला. पद्मभूषण होऊन नऊ वर्षं झालेला माणूस गोष्ट गोष्ट म्हणूनच जोखली जावी म्हणून एवढं करतो, आणि आपण? साहित्य अकादमी दिली 2014 ला, ती पण आत्मचरित्राला. साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद 2021 ला, तेव्हा तब्येतीमुळे त्यांना नाशिकला जाताच आलं नाही.

आणखी एक, राहवत नाही म्हणून. त्याच अंकात आत रोजचं राशिभविष्य आहे. याच नारळीकरांनी दाभोलकर आणि इतरांना बरोबर घेऊन 27 ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या होत्या, हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिसळून, कुठली कुणाची ते सांगा म्हणून. बरोबर उत्तरं सरासरी 46 टक्के, नाणं उडवून पण तेवढी आलीच असती. निदान त्या एका दिवशी तरी ते सदर काढायचं होतं हो, इतकं पण कुणाला सुचलं नाही?

आता रविवारच्या पुरवणीत परवानगी घेऊन त्यांची एक गोष्ट पूर्ण छापा. जागा नाही म्हणू नका, भविष्याची जागा आहेच.

— एक वाचक, सातारा