पोळा कधी असतो, हे डॉक्टरला माहीत हवं

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

गडचिरोलीकडच्या एका ओपीडीत इंटर्न मुलानं गरोदर बाईला विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?" ती म्हणाली, "तान्हा पोळा झाला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी." त्यानं केसपेपरवर लिहिलं : तारीख माहीत नाही.

मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं चाळलं. श्रावण अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पाळी भाद्रपद शुद्ध द्वितीयेची. बाईनं दिवस अचूक सांगितला होता. दिवसांचा हिशोब चुकला तर बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे की पोटात वाढच कमी झाली, हे कळणार कसं? मुलाला दोष देत नाही. साडेचार वर्षांत त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं आदिवासींना विचारून दवाखाना बांधला. लोकांना मोठ्या इमारतीची धास्ती वाटत होती, नातेवाइकांना बाहेर काढलेलं नको होतं. म्हणून गावातल्या घरांसारख्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि दवाखान्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं, त्यांच्या देवीचं. दवाखाना आपला वाटला की माणूस वेळेत येतो, हे मीही रोज पाहते.

सगळ्या चालीरीती चांगल्या, असं माझं मुळीच म्हणणं नाही. बाळंतिणीच्या दुधाचा पहिला चीक बाळाला न देता पिळून टाकणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे बाळंतिणीवर रागावून काही होत नाही. घरात शब्द सासूचा चालतो की सुईणीचा, हे आधी कळावं लागतं. सुगी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, रात्र रात्र नाटकं रंगतात, हजारोंनी माणसं बसतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल बोलायला याहून चांगली जागा कुठली?

एमबीबीएसच्या मुलांना आता आरोग्याकडे लक्ष ठेवायला कुटुंबं दत्तक दिली जातात. पहिल्या भेटीतच ती बीपीचं यंत्र काढतात. माझी विनंती एवढीच : महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी बोलून त्या पहिल्या भेटीचं काम बदलायला लावा. मुलांनी त्या घरचे सण, बाजाराचा वार, बाळंतिणीचं खाणं, आजारांची गावातली नावं आजीजवळ बसून लिहून घ्यावीत. ती वही तोंडी परीक्षेत तपासली जावी आणि तिला गुण असावेत.

आपली नम्र,
झाडीपट्टीतली एक डॉक्टर