हजानसाहेब, मनापासून आभार

आदरणीय हजानसाहेब,
शालोम.

बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू समाजात पूर्वापार रब्बी (धर्मगुरू) नव्हते. लग्नाच्या केतुबापासून (विवाहकरारापासून) कबरस्तानातल्या हश्काबापर्यंत (मृतासाठीच्या प्रार्थनेपर्यंत) सगळा भार प्रार्थना चालवणाऱ्या हजानांवर. तरी मानधनाचं पाकीट कुणाला, कधी, किती, हे विचारायला लोक संकोचतात. तुम्ही ते मोकळेपणाने समजावून सांगितलंत, त्याबद्दल रायगड-मुंबईतल्या आम्हा सर्व कुटुंबांतर्फे आभार.

मोठा घोळ शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाचा. ज्यांचे पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणवले गेले, त्यांच्याच घरच्या बार मित्स्वाला (मुलाच्या तेराव्या वर्षीच्या विधीला) सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) आत ठेवताच पाकीट पुढे येतं! त्या दिवशी पैशाला हात लावायचा नाही, आणि निव्वळ शब्बाथच्या कामाची मजुरीही घ्यायची नाही. म्हणून मुलाची शिकवणी, आठवड्याचा सराव आणि शनिवारचं वाचन मिळून एकच रक्कम आधी ठरवावी, शुक्रवारी दुपारपर्यंत किंवा रविवारी द्यावी. हा तुमचा तोडगा सगळ्यांना लागू पडला.

नेदेराचंही, म्हणजे सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) बोललेल्या देणगीच्या वचनाचंही तसंच. तोरासमोर बोललेली रक्कम तेव्हा लिहिता येत नाही, मग ती विसरते. आणि बोललेला नेदेर फेडणं तर बंधनकारक. आकडे छापलेल्या कार्डाचा कोपरा योग्य आकड्यापाशी दुमडायचा, फाडायचा मात्र नाही, कारण फाडणंही शब्बाथला वर्ज्य. शमाशांना (सिनेगॉगच्या सेवकांना) हे तुम्हीच शिकवलंत.

सिनेगॉगच्या ट्रस्टला दिलेला चेक म्हणजे हजानांचं मानधन नव्हे, हेही तुम्ही स्पष्ट केलंत. पावती ट्रस्टची. ट्रस्टकडे ८०जी (देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता) असेल, तर जुन्या करप्रणालीत वजावट मिळते, पण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर नाही. हजानांचं पाकीट वेगळं, त्याला वजावट नाही.

गावच्या सिनेगॉगसाठी बोलावलं, तर शुक्रवारी सूर्यास्ताआधी पोचण्याचा प्रवासखर्च, चालत जाता येईल अशी राहण्याची जागा आणि कोशेर (धर्मनियमांप्रमाणे केलेलं) जेवण यजमानांकडे. हे मानधनात धरायचं नाही.

मयतीला तुम्ही रक्कम सांगतच नाही. शोकाच्या 7 दिवसांत घरच्यांवर हा विषय येऊ नये, म्हणून लांबच्या नातेवाइकाने नंतर द्यावी, ही तुमची सूचना फार मायेची आहे.

रोश हशाना (नवं वर्ष) आणि किप्पूर (उपासाचा प्रायश्चित्तदिन) यांची रक्कमही शब्बाथसारखीच तयारीसकट आधी ठरवू. त्यासाठी आमच्यापैकी कुणीतरी तुम्हाला फोन करील.

आपली,
रायगड-मुंबईतली कुटुंबं