गिधाडांसाठी पुन्हा एकदा हात पसरतो आहोत

सप्रेम नमस्कार,

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यावर गिधाडांच्या जोड्या घरट्यांना लागल्या आहेत आणि मंडळाच्या डब्यात खडखडाट आहे, म्हणून घाईने लिहितो. लांब चोचीचे गिधाड वर्षाला एकच अंडे घालते. ते गेले की त्या जोडीचे वर्ष गेले.

आधी ज्यांनी दिले त्यांची आठवण. मेनरोडच्या भांडेवाल्या शेठजींनी पहिल्याच वर्षी दिलेली दुर्बीण अजून चालते. डावी काच धुरकट झाली आहे, तरी कड्यावरचे विष्ठेचे पांढरे ओघळ तिच्यातूनच आधी दिसतात. ओघळ ताजा, म्हणजे घरटे नांदते. पंचवटीतल्या भजनी मंडळाच्या मावशींनी एका संक्रांतीला वाण लुटायचे सोडून ते पैसे आम्हाला दिले. पिंपळगावचे बागायतदार काका तर द्राक्षांचे क्रेट देतात, पिकअप देतात आणि डिझेलचे विचारले की रागावतात. त्यांच्याच क्रेटमधून गेल्या संक्रांतीनंतर एक गिधाड आणले. नायलॉनचा मांजा खांद्याच्या सांध्यात रुतून पिसांभोवती आवळला होता. डोक्यावर बारदान टाकल्यावर पक्षी गप्प झाला. डॉक्टरांनी बारीक कात्रीने एकेक पदर कापला, दीड तास. पंख वाचला, पक्षी वनविभागाकडे सोपवला. डॉक्टरांनी फी घेतली नाही, चहासुद्धा स्वतःच पाजला.

हरसूलजवळच्या खोरीपाड्याचे नाव न घेता पुढे जाता येत नाही. तिथे वनविभाग आणि गावकऱ्यांनी मिळून गिधाडांना मेलेली ढोरे घालायची जागा केली आणि गिधाडे आली. हे आपल्या जिल्ह्यात घडले आहे, मंडळी!

पण पान वाढताना ताटात विष नको. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक टोचलेले ढोर थोड्याच दिवसांत मेले आणि गिधाडाने खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे बंद पडतात, आतड्या-काळजावर युरिक ॲसिडचा पांढरा थर बसतो. मान खाली घालून पक्षी फांदीवर बसून राहतो आणि पडतो. 1992 ते 2007 या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली, लांब चोचीची शंभरात तीन. 2006 साली जनावरांसाठी हे औषध बंद झाले, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. म्हणून 2015 मध्ये माणसांसाठीची बाटली 3 मिलीवर आणली, ढोराला पुरू नये म्हणून. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या दुखण्यावरच्याच औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही आणि ढोराचे दुखणेही थांबवते. ते पाड्यावर वेळेत मिळाले, तर दुसरी बाटली कोण शोधत बसेल?

आता थोडे मनातले, राग मानू नये. मागच्या सभेला चाळीस खुर्च्या मांडल्या, सात माणसे आली, त्यातले दोघे हॉलचे. एका सद्गृहस्थांनी तर विचारले, “मढी खाणाऱ्यांना वर्गणी कशाला?” रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेपर्यंत तासन्‌तास उभे राहणारे आपण. टाकेदला रामाने जटायूला पाणी पाजले हे पाहुण्यांना कौतुकाने सांगणारेही आपणच. असो. देणारे देतात.

तर मागणे असे: 500 रुपयांपासून कितीही, पैसे जातील त्र्यंबक, हरसूल, इगतपुरीकडच्या पाड्यांवर पशुवैद्यांमार्फत मेलॉक्सिकॅम पोचवायला आणि मेलेले ढोर नेण्याच्या गाडीभाड्याला (काकांची पिकअप द्राक्षांच्या हंगामात मिळत नाही). ढोर मालकाने औषधाचे खरे सांगितले तरच उचलतो. रोख दिल्यास पावती घ्याच, खात्यावर टाकल्यास खजिनदारांना नाव कळवा. गेल्या वर्षी तीन रकमा कोणाच्या ते अजून कळलेले नाही. संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी 7 वाजता गंगापूर रोडच्या नेहमीच्या चहावाल्यापाशी जमून झाडांवरचा मांजा काढायचा आहे. लांब बांबू, जुने हातमोजे, क्रेट असतील ते आणा. कड्याजवळ ड्रोन उडवणारे ओळखीचे असतील तर मेपर्यंत त्यांना थोपवा. आणि दुर्बिणीची काच बदलून देणारा कारागीर कुणाला माहीत असेल तर सांगा, शेठजींना नवी मागायची लाज वाटते.

आपला,
सचिव