फोन मी मुद्दाम कापला

नागपूर, संक्रांत

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मी मुद्दाम कापला. नेटवर्क गेलं असं कळवलं, ते खोटं. आमच्याकडे दुपारचे दीड, म्हणजे तुझ्या व्हर्जिनियात रात्रीचे तीन, आणि मागून वायपरचा आवाज येत होता. गाडी चालवताना आईशी भांडायचं नसतं. यावर आता पुढे एक अक्षर लिहिणार नाही.

तुझं म्हणणं ऐकलं मी. अख्खा उन्हाळा तू बास्केटबॉलच्या पोरांना प्रेस शिकवलास, म्हणजे कोर्टभर समोरच्याच्या अंगावर जाणं, आणि चार सामने हरल्यावर तुझ्या कोचने ती गुंडाळून झोन लावला, ज्याने त्याने आपापली जागा राखायची. म्हणून राजीनामा? अरे, नॉर्थ कॅरोलायनाचा कोच डीन स्मिथ, त्याचे फोर कॉर्नर्स आठव. चार पोरं चार कोपऱ्यांत, एक जण चेंडू नाचवतोय, घड्याळ सरकतंय. १९८२ ची एसीसी, म्हणजे त्यांच्या कॉलेज-गटाची फायनल, ४७-४५! लोक वैतागले. १९८५-८६ ला ४५ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं, तेवढ्यात चेंडू रिंगकडे मारायचाच, आणि तो डावच मेला. स्मिथ रडत बसला नाही, १९९३ ला पुन्हा विजेतेपद घेतलं. इंडियानाचा कोच बॉब नाइट, त्याला तर तीन गुणांची रेषा डोळ्यांसमोर नको होती. ती आली त्याच हंगामात, १९८७ ला, त्याच्या स्टीव्ह अल्फर्डने फायनलमध्ये सात थ्री मारले आणि नाइट एका गुणाने जिंकला. नाक मुरडत का होईना, मारू दिले ना?

तू म्हणशील, आणि व्हर्जिनियाचा कोच टोनी बेनेट? २०१८ ला पहिल्या मानांकनाचा त्याचा संघ सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून ७४-५४ हरला. पुरुषांच्या स्पर्धेत त्याआधीच्या अशा १३५ सामन्यांत एकदाही असं झालं नव्हतं. तू दोन दिवस जेवला नव्हतास. त्याने पॅक लाइन, म्हणजे रिंगजवळ गर्दी करून बचाव, सोडली नाही, कबूल. पण आक्रमण सैल केलं, बॉल स्क्रीन, म्हणजे चेंडूवाल्याच्या पाठलागात आडवं उभं राहणं, वाढवले, आणि पुढच्याच वर्षी विजेता. २०२४ ला त्याने काम सोडलं, खेळाडूंच्या ट्रान्सफर आणि पैशांच्या नव्या व्यवस्थेत आपण बसत नाही म्हणून. पण ते सगळं करून झाल्यावर. तू चार सामन्यांत निघालास.

झालं, भाषण झालं. चुकलं माझं. तुझे बाबा म्हणायचे, हिच्या घशातच शिट्टी आहे.

खरं सांगू? मला कुणी असं बोललं असतं तर बरं झालं असतं. आपल्या कोर्टावर तीनची रेषा पहिल्यांदा चुन्याने आखली तेव्हा मी नुकतीच मुलींना शिकवायला लागले होते. एकीचा हात लांबून बसायचा. तिला मी दोन हंगाम बाकावर बसवलं. "रिंगखाली जा", एवढंच मला येत होतं ना. गेल्या वर्षी सीताबर्डीला भेटली. मॅडम म्हणत भर रस्त्यात वाकली. मला तिच्याकडे बघवेना.

तुमचे सामने मी पहाटे साडेपाचला उठून लॅपटॉपवर बघते. शेवटच्या खुर्चीत तू, मांडीवर पाटी. मागच्या सामन्यात टाइमआउटला तुझा कोच वळून तुला काहीतरी विचारतो, ते मी मागे नेऊन तीनदा बघितलं. शेजारच्या काकूंनाही दाखवलं. त्यांना काही कळलं नाही. कोट ढगळ होतोय तुला. जेवतोस ना?

व्हिडिओ कापत रात्र झाली तर तिथेच सोफ्यावर झोप. "चाळीस मिनिटांचाच रस्ता आहे" असं मला सांगू नकोस. वर्ध्याहून निघताना तुझे बाबाही हेच म्हणाले होते. त्या घाटात बर्फ असतो, हरणं आडवी येतात, तूच सांगितलंस. लिहिणार नव्हते, लिहिलं.

तिळगूळ काकूंच्या जावयाबरोबर पाठवतेय. तुझ्या कोचलाही दे, आणि झोनबद्दल त्याच्याशी बैस एकदा.

राजीनाम्याचं तुझं तू ठरव. खोलीवर पोचलास की मला फक्त एक टिंब पाठव. काही लिहू नकोस, नुसतं टिंब. मी जागी... म्हणजे दुपारच असते माझी.

तुझी,
आई