आईचे मनगट आणि आपले ‘हवामान’

माझगाव, मुंबई
९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: १८ जानेवारीच्या नागपूर–मुंबई विमानात झालेली दुखापत व आपले २ फेब्रुवारीचे उत्तर

महोदय,

आपले उत्तर मिळाले. ‘प्रतिकूल हवामानामुळे’ विमान हलले, ते कंपनीच्या हातात नव्हते, आणि सदिच्छा म्हणून दीड हजाराचे कूपन सोबत पाठवत आहोत, असे आपण लिहिता. कूपन आईला दाखवले. ती म्हणाली, ‘आता थेट वैकुंठाला न्यायला विमान आलं तरच बसेन.’

त्या रविवारी संध्याकाळी आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. माथेरानचा डोंगर खिडकीतून स्वच्छ दिसत होता. आई, वय ७१, स्वच्छतागृहातून परत येत होती. पट्टा बांधण्याची खूण लागलेली नव्हती. जागेवर पोहोचायला तीन रांगा राहिल्या असताना डावा पंख एकाएकी खाली गेला. खड्ड्यातून बस गेल्यावर बसतो तसला हिसका हा नव्हता. विमान कुशीवर वळत होते. डावीकडच्या खिडक्यांत नुसती जमीन, उजवीकडे नुसते आभाळ. मग तेच उलट्या बाजूला. जेमतेम चार-पाच सेकंद. कुणाचा तरी संत्रा बर्फीचा डबा मधल्या वाटेने घरंगळत गेला. आईने सीटची पाठ धरली होती, ती सुटली, आई उजव्या हातावर पडली आणि मनगट मोडले. खूण पेटली ती त्यानंतर.

कॅप्टननी लगेच माइकवर सांगितले, ‘आगे एक बड़ा विमान था, उसके पीछे की हवा में हम आ गए थे.’ सगळ्या विमानाने ते ऐकले आहे. म्हणजे कॅप्टनला जे दोन मिनिटांत कळले, ते आपल्या विभागाला पंधरा दिवसांत कळले नाही.

याला वेक टर्ब्युलन्स म्हणतात, हे मला नंतर वाचून कळले. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाकडून वर वळते आणि विमानामागे दोन आडवे भोवरे सुटतात. विमान जितके जड आणि त्याचा वेग जितका कमी, तितके ते जोरकस. मिनिटाला तीनशे ते पाचशे फूट असे ते खाली उतरत जातात, आणि डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून तर उतरताना जड विमानामागे मध्यम विमानाने पाच सागरी मैल अंतर ठेवावे, ए-३८० या महाकाय विमानामागे सात, असे आंतरराष्ट्रीय ठोकताळे आहेत. मी अकरा वर्षे भाऊचा धक्का ते मोरा लाँचने शाळेला गेले. मोठे जहाज गेले की सारंग लाँचचे नाक लाटेकडे वळवायचा आणि ओरडायचा, ‘बसून घ्या!’ त्या लाटेला कुणी पाऊस म्हटलेले मी ऐकले नाही.

आपल्या वैमानिकाबद्दल माझी तक्रार नाही, हे त्यांना कृपया कळवा. २००१ मध्ये न्यूयॉर्कला जंबो जेटच्या मागच्या हवेत सापडलेल्या एअरबसच्या सहवैमानिकाने रडर, म्हणजे शेपटाचे सुकाणू, गरजेपेक्षा फार जोराने वापरला, शेपटाचा उभा पंख तुटला आणि २६५ माणसे गेली. आपल्या माणसाने हात आवरता ठेवला. चूक नसतानाही असे घडते, हेही मला मान्य आहे. जानेवारी २०१७ मध्ये अरबी समुद्रावर, मुंबईच्याच हवाई हद्दीत, ए-३८० च्या हजार फूट खालून जाणारे छोटे जेट गरगरा उलटले आणि सुमारे नऊ हजार फूट खाली आले. जर्मन तपासयंत्रणेने ते वेक टर्ब्युलन्स म्हणूनच नोंदवले. हवामानावर ढकलले नाही.

उतरल्यावर व्हीलचेअर यायला चाळीस मिनिटे लागली. तेवढ्यात आपल्या कर्मचाऱ्याने एक फॉर्म सहीसाठी पुढे केला. कारणाच्या रकान्यात आधीच लिहिलेले होते: ‘प्रवाशाचा तोल गेला.’ आई एवढ्या कळांतही म्हणाली, ‘तोल माझा नाही गेला, विमानाचा गेला.’ मी सही केली नाही.

विमान अपघात तपासणीच्या नियमांत हाताची बोटे, पायाची बोटे आणि नाक यांचे साधे फ्रॅक्चर सोडले, तर कोणतेही हाड मोडणे ही ‘गंभीर दुखापत’ आहे. विमानात असताना त्या विमानामुळे ती झाली, तर तो ‘अपघात’ धरला जातो आणि डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) व अपघात तपास ब्युरोला कळवावा लागतो. मनगट हे बोट नव्हे. आपण कळवले का, कोणत्या तारखेला, आणि त्यात कारण काय लिहिले, हे मला लेखी हवे आहे. आमच्या पुढे असलेले विमान कोणते होते आणि दोघांत अंतर किती होते, तेही. पट्ट्याची खूण केव्हा लागली, हे रेकॉर्डरवरून पाहून सांगा, आठवणीवरून नको.

इस्पितळाचा खर्च ३८,४०० रुपये झाला. हात इतका सुजला होता की कॅज्युअल्टीत पाटली कापून काढावी लागली. आजीची पाटली, चाळीस वर्षांत हातातून उतरली नव्हती. सोनाराने जोडून दिली आहे, सांधा दिसतो. त्याचे २,६०० वेगळे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास हेच पत्र डीजीसीए आणि ग्राहक आयोगाकडे जाईल.

आपली,
(सही)

सोबत: एक्स-रे व डिस्चार्ज कार्डाच्या प्रती, इस्पितळाची बिले, सोनाराची पावती, सही न केलेला फॉर्म, आणि आपले कूपन.