मृत्युपत्राच्या मसुद्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, मसुद्याचे फोटो मिळाले. अक्षर अजून तसंच टपोरं आहे. पण त्यावर सही करू नका. फोनवर हे सांगितलं असतं तर तुम्ही मध्येच फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय.

'राहते घर थोरल्यास, त्याने बायकोपासून फारकत घेतल्यास.' वहिनीवरचा तुमचा राग मला ठाऊक आहे, तो तूर्त बाजूला ठेवू. घर तुमच्या कमाईचं, कोणाला द्यायचं हे तुम्हीच ठरवणार. पण भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 चं कलम 127 काढलंत, तर जवळजवळ तुमचंच वाक्य तिथे उदाहरण म्हणून छापलेलं सापडेल: भाचीने नवऱ्याला सोडलं तर तिला 5,000 रुपये. असं देणं रद्द. नुसती अट रद्द होत नाही, देणंच रद्द होतं. दादाने उद्या खरंच फारकत घेतली तरी या कागदावर त्याला घर मिळायचं नाही. बाकीच्या मालमत्तेचं काय, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे घर आई, दादा, धाकटा आणि मी यांच्यात सारखं वाटलं जाईल. म्हणजे वहिनीवर रागावलात तुम्ही आणि फावलं माझं!

आता शेत. 'धाकट्यास, त्याने आत्याला घरी आणून शेवटपर्यंत सांभाळल्यास.' बाबा, आत्या आता कुठे आहे? जुन्या वहीतून उतरवताना तुमचं लक्ष गेलं नसेल. कलम 126 मध्ये अशक्य अटीचं असंच उदाहरण आहे: अमक्याने माझ्या मुलीशी लग्न केलं तर 500 रुपये, आणि मृत्युपत्राच्या तारखेला मुलगी हयातच नाही. तेही देणं रद्द. त्याच्याच वर तासाभरात शंभर मैल चालण्याची अट आहे. ज्याने हे लिहिलं त्याला पक्षकारांचा बराच अनुभव असणार.

सगळीकडे असंच चालतं असं नाही. फ्रान्सच्या 1804 च्या नागरी संहितेत कलम 900 आहे: दानपत्रात किंवा मृत्युपत्रात अशक्य वा बेकायदेशीर अट घातली तर ती लिहिलीच नाही असं धरायचं, देणं कायम. तिथे दादाला घर मिळालं असतं, वहिनीसकट. हा वाद रोमन काळापासूनचा. 'बोट आकाशाला लागलं तर देईन' असा करार फुकट, यावर तिथल्या कायदेपंडितांच्या दोन्ही पंथांचं एकमत होतं. मृत्युपत्रातल्या देण्यावरून मात्र भांडण. एक पंथ म्हणे अट गाळा, दुसरा म्हणे देणंच गेलं. गायस हा कायदेपंडित स्वतः पहिल्या पंथाचा, तरी करार आणि मृत्युपत्रात हा फरक का करायचा याचं पटण्यासारखं कारण सापडत नाही, असं तो मोकळेपणाने लिहून गेला. आमच्या कोर्टात इतकं सरळ कोणी बोलत नाही.

आणि हो, 'आधी घर देतो, सुनेबरोबर राहिला तर काढून घ्यावे' अशी उलटी वाक्यरचना सुचली असेल, तर तीही नको. तिथे अट गळेल आणि घर दादाकडेच राहील. तसंच द्यायचं असेल तर सरळ द्या ना.

शनिवारी येतेय, नवा मसुदा टाइप करून आणते. दोन साक्षीदार सांगून ठेवा, घरातलं कोणी नको. आणि आई, तुला हयातभर त्या घरात राहायचा हक्क हे पहिलं कलम असेल. बाबांच्या चार पानांत तुझं नाव कुठेच नाही.

तुमची,
ताई